सहा नंबरची तार

तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, खालील मजकूर लिहिताना सदर लेखिका पूर्ण शुद्धीत होती, तिने चहाखेरीज काहीही घेतलेलं नव्हतं, आणि तिच्या डोक्यावर कसलाही परिणाम झालेला नाही हे तिच्या नवऱ्याने — थोडा विचार करून का होईना — मान्य केलेलं आहे. वाचकांनी उभं राहण्याची गरज नाही. बसून वाचलं तरी चालेल.

झालं गांभीर्य. आता सांगते.

मी वैजयंती. वय त्रेपन्न, मुक्काम बॉथेल, वॉशिंग्टन. अठ्ठावीस वर्षं इथे आहे. एका बायोटेक कंपनीत क्वालिटीमध्ये काम करते, म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम बरोबर असेल यावर विश्वास न ठेवणं ही माझी नोकरी. हौस म्हणून गणपतीत मंडळाची नाटकं बसवते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या फोरमवर मागे कोणी लिहिलं होतं ना, की कॅम्पिंगला गेलो आणि तंबूबाहेर पांढरीफटक बाई उभी... त्याखाली “सनस्क्रीन जास्त झालं असेल” असं लिहिणारी मीच. त्या लेखकाची मी आज माफी मागते. पूर्ण नाही, थोडी.

आता माझे वडील. नाना. वय ब्याऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. नाना तारमास्तर होते. तार म्हणजे काय हे ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी — मोबाइलच्या आधी फोन होता आणि फोन घरोघरी येण्याआधी तार होती. टेबलावर एक दांडी दाबायची, मैलोगणती लांब दुसऱ्या टेबलावर पितळेचा साउंडर कट्ट-कडकट्ट वाजायचा, आणि तिथला माणूस नुसतं ऐकून निरोप कागदावर उतरवायचा.

नानांची नोकरीची पहिली अकरा वर्षं विजयदुर्ग बंदरात गेली. तेव्हा कोकणात रस्ते म्हणजे आनंदच होता. मुंबईहून आगबोट निघायची ती एकेक बंदर घेत खाली यायची. जैतापूरहून बोट सुटली की तिथले तारमास्तर सामंत नानांना कळवायचे — बोट सुटली, टपालाच्या पिशव्या इतक्या, उतारू इतके. मग नाना पडाववाल्यांना निरोप धाडायचे, कारण बोट खोल पाण्यातच थांबे आणि माणसं, टपाल, आंब्याच्या पेट्या, सगळं पडावात घालून किनाऱ्याला आणावं लागे.

गंमत म्हणजे नाना आणि हे सामंत मास्तर एकमेकांना कधीच भेटले नाहीत. अकरा वर्षं रोज बोलत होते, पण बोटांनी. नाना सांगतात की तारेवर प्रत्येक माणसाचा ‘हात’ वेगळा असतो, अक्षर वेगळं असतं तसा. सामंतांचा हात रेंगाळणारा. आणि त्यांची एक खोड होती. निरोप संपला की शेवटी दोन हलके ठोके जास्तीचे मारायचे. त्यांना अर्थ काही नाही. कोणी बोलणं संपल्यावर खाकरतं ना, तसे. सामंत गेल्याची तारसुद्धा नानांनीच घेतली होती. ती पाठवणाऱ्या नव्या माणसाचा हात अगदी चोख होता, आणि त्याचंच नानांना जास्त वाईट वाटलं होतं.

हे सगळं मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की मध्येच झोप लागली तरी पुढचं चुकत नसे.

तर — मागच्या वसंतातली गोष्ट. माझी मुलगी मुक्ता नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला राहते. तिचा नवरा निनाद मूळचा नागपूरचा. मुक्ताला दिवस गेले होते, एकतिसावा आठवडा चालू होता, आणि ही गोष्ट नानांना आम्ही सांगितलेली नव्हती.

का नाही? त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा नानांना बातमी सांगितली मात्र, त्यांनी दोन दिवस बसून सगळ्या नातेवाइकांना स्वतःच्या अक्षरात पत्रं लिहिली. फोन नाही, व्हॉट्सअॅप नाही. पत्रं. चिपळूण, कणकवली, बेळगाव, पुणे... आणि ती पत्रं पोचायच्या आत ते बाळ राहिलं नाही. मग नानांनी पुन्हा दोन दिवस बसून सगळ्यांना दुसरं पत्र लिहिलं. ते लिहिताना मी त्यांना पाहिलंय. त्यामुळे या वेळी आमच्या घरच्या कॅबिनेटने एकमताने ठरवलं, की बाळ हातात येईपर्यंत नानांना कळू द्यायचं नाही. आपल्याकडे हे फार चांगलं जमतं. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांच्यापासून बातम्या लपवण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

एका गुरुवारी संध्याकाळी निनादचा फोन आला. मुक्ताचं बीपी वाढलंय, पायांना सूज आहे, अॅडमिट करून घेतलंय. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं नाही, फक्त लक्ष ठेवायचंय. मला मिळालेली पहिली फ्लाइट शुक्रवारी संध्याकाळची. नानांना सांगितलं की ऑफिसच्या कामाला चाललेय, तीन-चार दिवसांत येते. ते बरं म्हणाले. नाना प्रश्न विचारत नाहीत, ते नुसते बघतात, आणि तेच जास्त त्रासदायक असतं.

शुक्रवारी सकाळी घरात बसणं मला अशक्य झालं. फोन वाजला की बाथरूममध्ये पळायचं, एक्झॉस्ट फॅन लावायचा, कुजबुजायचं, बाहेर येऊन हसायचं. एवढी वर्षं नाटकं बसवून माझाच अभिनय कमी पडत होता. शेवटी म्हटलं, नाना, चला, तुम्हाला एक गंमत दाखवते.

आमच्यापासून पाऊण तासावर जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यावर एक छोटं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाईंना भुतांसाठी गर्दी नकोय. गावाच्या लाकडी धक्क्याच्या टोकाला एक जुनी खोली जपून ठेवली आहे. इथेही एके काळी किनाऱ्याने रस्ते नव्हते. छोट्या आगबोटी टपाल, माणसं, कोंबड्या घेऊन या धक्क्यावरून त्या धक्क्यावर जायच्या, आणि धक्क्यावरच्या एकाच खोलीत पोस्ट, तार आणि बोटीचं तिकीट असं सगळं चालायचं. आता तिचं चिमुकलं म्यूझियम केलंय.

तिथल्या बाई म्हणजे रूथ. सत्तरीच्या, गळ्यात दोन चष्मे, हातात पिसांचा झाडू. आम्ही दोघंच गिऱ्हाईक. आत पत्रं लावायचे खण, कॅनव्हासची टपालपिशवी, बोटींचे फोटो... आणि खिडकीशी एक टेबल. टेबलावर तारेची दांडी आणि पितळेचा साउंडर. साउंडरच्या मागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा.

तो डबा बघून नाना हसायला लागले. मला वाटलं काय झालं यांना! म्हणाले, आमच्याकडेही असाच डबा असायचा. साउंडरच्या मागे पत्रा ठेवला की आवाज मोठा येतो, मास्तर जरा लांब उभा असला तरी ऐकू जातं. मी हे रूथबाईंना इंग्लिशमध्ये सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. नऊ वर्षं त्या हा डबा झटकत होत्या आणि कोणीतरी विसरून गेलंय असं समजत होत्या. त्यानंतर नाना त्यांच्यासाठी राजे झाले. दोरीच्या पलीकडे कोणाला जाऊ देत नाहीत, पण नानांसाठी दोरी सोडली, खुर्ची ओढली, आणि बसा म्हणाल्या.

आता इथे माझ्यातली क्वालिटीवाली बाई जागी होते, म्हणून नीट लक्ष द्या. त्या यंत्राला वीज नव्हती. बॅटरी नव्हती. दोन वायरी होत्या, त्या टेबलाच्या कडेला वीतभर अंतरावर कापलेल्या, आणि त्यांची टोकं लाकडात स्क्रूने पक्की केलेली. मी स्वतः पाहिलं. नानांनी तर आधी तेच पाहिलं.

नानांनी उजवा हात दांडीवर ठेवला, डावा साउंडरच्या लाकडी पाटावर, आणि दांडी दाबली. साउंडर अर्थातच मुका. नुसता दांडीचा ठक-ठक असा कोरडा आवाज. त्यांनी काय वाजवलं ते मी नंतर विचारलं. त्यांच्या ऑफिसची खुणेची दोन अक्षरं आणि पुढे ‘हजर आहे’. रोज सकाळी ऑफिस उघडलं की पहिलं हेच पाठवायचे म्हणे.

मग त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. मी मागे उभी, फोन हातात. निनादचा मेसेज नुकताच आला होता, ‘ऑल स्टेबल, ती झोपलीये.’ वर वेळ होती अकरा दहा. म्हणजे मॉरिसव्हिलला दुपारचे दोन दहा.

आणि साउंडर वाजला.

मी ‘वाजल्यासारखा वाटला’ असं लिहिणार नाही. पितळेची पट्टी खाली गेली, वर आली. आम्ही तिघांनी पाहिली. पत्र्याच्या डब्यामुळे आवाजही चांगला खणखणीत आला. आधी थोडं काहीतरी गुंतागुंतीचं. मग जरा थांबून एक लांब, चार आखूड. मग पुन्हा शांतता. आणि मग दोन हलके ठोके.

नानांनी काय केलं सांगू? घाबरले नाहीत, दचकले नाहीत. रूथबाईंच्या खिशातलं पेन न विचारता उपसलं आणि समोरच्या माहितीपत्रकावर लिहून घेतलं. सगळं वाजून संपायच्या आत. म्हणजे बघा, नोकरी सोडून चोवीस वर्षं झालेल्या माणसाचा हात डोक्याच्या आधी कामाला लागला. कागदावर दोन अक्षरं आणि एक आकडा. मग ते शेवटचे दोन ठोके झाले तसं पेन थांबलं आणि नाना अगदी हळू म्हणाले,

“सामंत.”

रूथबाई, कोणी हवामान सांगावं तशा शांत आवाजात म्हणाल्या, “दॅट इजन्ट हुक्ड अप टू एनीथिंग.”

त्यांचा तोल कौतुकास्पद होता. त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढला. त्यावर इथल्या जुन्या आगबोटींच्या काळातली तारेची लिपी होती. बोट लावून म्हणाल्या, शेवटचा आकडा आठ आहे. नाना म्हणाले, सहा. त्या म्हणाल्या, तक्त्यात आठ आहे. मला नंतर कळलं की अमेरिकेतली ही जुनी लिपी वेगळी होती आणि आपल्याकडची वेगळी. पण नानांनी तेव्हा तक्त्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. मला म्हणाले, त्यांना सांग, तुमच्याकडे आठ असेल. ही तार आमच्याकडची आहे.

मी विचारलं, आणि तुमच्याकडे सहा म्हणजे काय?

आता हे ज्यांना माहीत असेल ते माझ्याहून मोठे आहेत. आपल्याकडे शुभेच्छांच्या तारेला ठरावीक वाक्यं होती आणि त्यांना नंबर होते. दिवाळीचा वेगळा, वाढदिवसाचा वेगळा, लग्नाचा वेगळा. पाठवणारा फक्त नंबर सांगायचा. तारेवरून तेवढा आकडा जायचा आणि पलीकडचा तारमास्तर आपल्या हाताने पूर्ण वाक्य सुंदर कागदावर लिहून घरी पोचवायचा.

नाना म्हणाले, “सहा म्हणजे, नव्या बाळाच्या आगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन.”

 मला ती नंबरांची यादी कधीच पाठ नव्हती, हे कृपया लक्षात घ्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, दुसरा कुठला तरी आकडा असेल हो नाना, वाढदिवस असेल कोणाचा. तसे ते माझ्याकडे वळले. म्हणाले, वाढदिवसाला पाच, म्हणजे पाच आखूड ठोके. सहाला पहिला ठोका लांब. नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्यांनी नेमकी हीच चूक केली होती. गावातल्या एका सत्तरीच्या खोतांना मुंबईच्या मुलाने वाढदिवसाची तार केली, आणि नानांनी पाचाचा सहा ऐकून त्यांना नव्या बाळाबद्दल अभिनंदनाची तार पोचवली. खोतीणबाई तीन दिवस खोतांशी बोलल्या नव्हत्या. “त्या दिवसानंतर,” नाना म्हणाले, “मी सहा कधी चुकलो नाही.”

मग त्यांनी विचारलं, आपल्याकडे कोणाला बाळ व्हायचंय का, वैजू?

आणि मी — आजही लिहिताना लाज वाटते — म्हटलं, नाही हो, कोणालाच नाही.

ते नुसते बघत राहिले.

आणि फोन वाजला. निनाद. त्याचा आवाज ऐकूनच मी दाराबाहेर धक्क्यावर गेले. बीपी एकदम चढलं होतं. बाळाच्या हृदयाचे ठोके मध्येमध्ये मंदावत होते. डॉक्टरांनी आत्ताच, या मिनिटाला ठरवलं, ऑपरेशनला आत घ्यायचं. मुक्ताला घेऊन गेले. तो म्हणत होता, “मम्मी, मला आत येऊ देत नाहीयेत अजून, मी इथे बाहेरच उभा आहे, मी काय करू?” मी त्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही. काहीतरी शहाणपणाचं असावं, कारण त्याने फोन ठेवला. घड्याळात अकरा सत्तावीस.

एकतीस आठवडे. मागच्या वेळचं सगळं डोळ्यांसमोर आलं. धक्क्यावर एक बाक होतं त्यावर बसले. नाना काठी टेकत बाहेर आले आणि शेजारी बसले.  मग मी सगळं सांगितलं. दिवस कधी गेले, कोणी काय ठरवलं, ऑफिसचं काम कसं खोटं, आणि आत्ता, या क्षणी तिकडे काय चाललंय.

मला वाटलं होतं ते खचतील. निदान रागावतील. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले,

“पस्तीस वर्षं वैजू, लोकांच्या घरातली बातमी त्यांच्या आधी मला कळायची. कोण जन्मलं, कोण गेलं. दारात जाऊन उभा राहायचो तेव्हा माझं तोंड बघून माणसं ओळखायची. आणि माझ्या घरातली बातमी तुम्ही मला झेपणार नाही म्हणून ठेवून घेतलीत?”

 मी म्हटलं, मागच्या वेळी तुम्ही लिहिलेली पत्रं...

ते म्हणाले, दोन्ही पत्रं लिहायची माझी तयारी असते. एक लिहायचं आणि दुसरं नाही, असं चालत नाही.

मग ते उठून आत गेले. मला वाटलं रागाने गेले. पाच मिनिटांनी परत आले ते रूथबाईंना घेऊन. रूथबाईंकडे येणाऱ्या मुलांना वाटायला जुन्या तारेच्या कागदाच्या नकला असतात, त्यातला एक नानांनी मागून घेतला होता. त्यावर त्यांच्या त्या कोरीव अक्षरात इंग्लिशमध्ये पूर्ण वाक्य लिहिलेलं, नियमाप्रमाणे, आकडा नाही. खाली तार घेतल्याची वेळ, अकरा दहा. कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरं. वर नाव — मुक्ताचं, आणि ‘मार्फत’ म्हणून माझं.

कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “तार आली आहे. सही करून घे.”

मी म्हटलं, नाना, अहो, ते यंत्र... मुक्ताला ऑपरेशनला आत नेऊन दहा मिनिटं झालीत, कोणालाच काही माहीत नाहीये. ते म्हणाले, तारमास्तराने तार खरी की खोटी हे बघायचं नसतं. आली की पोचवायची. सही कर.

मी सही केली. नदीसारख्या वाकड्यातिकड्या अक्षरात केली, पण केली. आणि खरं सांगू? सही करताना पहिल्यांदा माझ्या छातीत श्वास नीट शिरला. त्यानंतर आम्ही तिघं त्या बाकावर बसलो. रूथबाईंना मी थोडक्यात सांगितलं, त्यांनी म्यूझियमच्या दारावर ‘परत येते’ अशी पाटी लावली आणि माझा एक हात धरला. दुसऱ्या हातात तो कागद. समोर पाण्यावर ऊन आणि एक सील निवांत डोकं वर काढून आमच्याकडे बघत होता. त्यालाही जायला जागा नव्हती की काय, कोण जाणे.

अकरा अठ्ठावन्नला फोन आला.

मुलगी. दीड किलो. आपलं आपण रडली. मुक्ता ठीक. निनाद स्वतःच इतका रडत होता की बाळ कोण आणि बाप कोण हे कळायला मला जरा वेळ लागला. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय, श्वासाला मदत देतायत, पण डॉक्टर खूश आहेत. जन्माची वेळ त्यांच्याकडची दोन एकेचाळीस. म्हणजे आमच्याकडची अकरा एकेचाळीस. म्हणजे तार आली त्यानंतर एकतीस मिनिटांनी. आणि ऑपरेशन करायचं ठरलं त्याच्याही आधी ती आली होती.

नानांना मी ओरडूनच सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू कोणीतरी त्यांना त्यांचीच तार परत वाचून दाखवली होती. मग कानातली दोन्ही यंत्रं काढली, रुमालात गुंडाळली आणि डोळे पुसले. रूथबाईंनी सीलला टाटा केला. माणसं आनंदात काहीही करतात.

आता चौकशी. मी ती कशी सोडेन? माझा नवरा, इंजिनिअर, कशावरही विश्वास न ठेवण्यात माझ्याही पुढे, पुढच्या शनिवारी मीटर घेऊन तिथे गेला. साउंडरच्या आतल्या गुंडाळीची तारसुद्धा तुटलेली निघाली. म्हणजे वीज जोडली असती तरी तो वाजला नसता. त्याने मग तासभर धक्क्यावर बसून फेरीबोटी मोजल्या. लांबून फेरीबोट गेली की लाटेने धक्का किंचित हलतो, त्याने पट्टी पडली असेल, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मान्य. लाटेने एकदा पडेल, दोनदा पडेल. पण आधी विजयदुर्ग ऑफिसची दोन अक्षरं, मग एक लांब चार आखूड, मग सामंतांचं खाकरणं — ही कुठली लाट? तो म्हणाला, नानांनी ते मनातल्या मनात लावलं असेल. ठीक. पण नानांना बाळाचं माहीत नव्हतं. एक्झॉस्ट फॅनच्या आवाजात, कानात यंत्रं असलेल्या माणसाने दोन दारांपलीकडून ऐकलं असेल? नवरा म्हणाला, असेल. मी त्याला फॅन लावून बाथरूममध्ये उभं केलं आणि नानांना बाहेर. नानांना नवरा आत आहे हेसुद्धा कळलं नाही. रूथबाईंनी त्या दिवसापासून डबा झटकणं बंद केलंय. साउंडर परत वाजलेला नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, नवऱ्याकडेही नाही. नाना म्हणतात, स्पष्टीकरण कशाला हवं, वेळ लिहिलेली आहे, सही आहे. त्यांच्या दृष्टीने फाइल बंद.

पण त्या शुक्रवारचं एवढ्यावर संपलं नव्हतं. नाना म्हणाले, मी येतो. संध्याकाळच्या विमानात कशीबशी त्यांच्यासाठीही जागा मिळाली. शनिवारी सकाळी आम्ही मॉरिसव्हिलच्या हॉस्पिटलमध्ये. आधी काचेतून बाळ पाहिलं. एवढंसं, टोपी घातलेलं, नाकात नळी, आणि चेहऱ्यावर भयंकर त्रासलेला भाव, जो आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. नाना काचेपाशी काठी टेकून उभे राहिले आणि तिथून हलेनात. नर्सने त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

मग मुक्ता. केस विस्कटलेले, हाताला सलाइन, तोंड सुजलेलं, पण जिवंत आणि चिडलेली. तिला बाळाकडे अजून दोनदाच नेलं होतं आणि ती पुन्हा न्या म्हणून निनादच्या मागे लागली होती. मी म्हटलं, तोपर्यंत तुला एक गोष्ट सांगते. आणि मी सांगितली. सगळी. धक्का, रूथ, डबा, सामंत, तक्ता, सहा. हात हलवून, आवाज काढून, नानांची ती पेन उपसण्याची अॅक्शनसुद्धा करून. तार पर्समधून काढून तिच्या पांघरुणावर ठेवली. वेळेवर बोट ठेवलं — अकरा दहा. इकडचे दोन दहा. डॉक्टरांनी ठरवायच्याही आधी.

मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी येईल. निनादच्या आलं होतं. नाना दारात येऊन उभे होते. मुक्ताने कागद उचलला, दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“वेट. दोन दहाला तुम्हाला माहीत होतं की ती येणार आहे आणि सगळं नीट होणार आहे? मग मला कोणी फोन का नाही केला?”